कालवडीची नळी

सकाळी सहाला मामेभावाचा फोन आला. "ताई, कालवड रात्री आठपासून माजावर आहे. सोट टाकतीय, नुसती हंबरतीय. येताना ती कालवडीची नळी घेऊनच ये."

मी पशुवैद्यक आहे. शिरवळच्या कॉलेजात शिकले आणि माणदेशातलं माझं आजोळ माझ्या कामाच्या टापूतच येतं. मामांच्या गोठ्यात एका कडेला पाच संकरित एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, गायी असतात, त्या मामेभावाच्या. दुसऱ्या कडेला एकटी खिलार गाय, ती मामांची. वैरण एकाच गंजीची, पाणी एकाच हौदाचं, पण दोन्ही कडांचा हिशोब निराळा. 'कालवडीची नळी' म्हणजे जिच्यातून दहात नऊ वेळा कालवडच जन्मते ती वीर्याची नळी. सरकारी कागदावर तिला लिंगवर्गीकृत रेतमात्रा म्हणतात. मामेभावाला ती हवी होती, मामांना नको होती. त्या दिवशी आमचं जे बोलणं झालं ते लिहून ठेवते आहे. मामांच्या काही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर होतं, काहींना नव्हतं, आणि ज्यांना नव्हतं तेच प्रश्न मला घरी परतल्यावरही सोडेनात.

नऊला पोचले, कालवड तपासली. माज चोख होता, पण लगेच भरवली नाही. रात्री माज दिसला तर सकाळी भरवावी, सकाळी दिसला तर संध्याकाळी, हा साध्या नळीचा नियम. या नळीतले शुक्राणू यंत्रातून निघालेले असतात, ते आत गेल्यावर कमी वेळ तग धरतात. म्हणून स्त्रीबीज सुटायच्या जितकं जवळ जाऊन भरवावं तितकं बरं. "दुपारी दोनला भरवू," मी म्हटलं. मामेभाऊ दुधाचे कॅन गाडीला अडकवून संकलन केंद्राकडे गेला. मामा ओट्यावर कासरा वळत बसले होते. मी शेजारी टेकले.

"कालवडच पायजे म्हणून निवडून घालायचं," मामा म्हणाले. "व्हय ना?"

"होय मामा."

"आन् हेच माणसात केलं की पोलीस येत्यात. मग जनावरात कसं चालतं?"

"माणसात पोटातल्या मुली मारल्या गेल्या, मामा. इथं कुणाचा गर्भ पाडत नाही. गर्भ राहायच्या आधीच निवड होते." बोलता बोलता मीच थांबले. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. पण २००३ मध्ये त्या कायद्याच्या नावातच 'गर्भधारणापूर्व' हा शब्द आला आणि शुक्राणू निवडून मुलगा-मुलगी ठरवणंही माणसांत गुन्हा झाला. म्हणजे 'आधीच निवड होते' ही माझी सबब माणसांच्या कायद्यानं केव्हाच फेटाळली आहे. मामांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना न सांगता पुढं जाणं मला बरं वाटेना, म्हणून सांगितलं.

मामांनी पीळ देता देता मान हलवली. "मग?"

"मग मी जे बघितलंय ते सांगते. गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवर गेले होते, गायीचा जार अडकला होता म्हणून. काम आटपून हात धुवायला गोठ्यामागं गेले, तर पाचटावर काळापांढरा गोऱ्हा पडलेला. नऊ-दहा दिवसांचा. बेंबी लिंबाएवढी सुजलेली, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. मानेच्या कातडीची चिमट घेतली, ती तशीच उभी राहिली, अंगात पाणीच नव्हतं. मालकाला विचारलं, दूध कधी पाजलं? तो म्हणाला, पहिल्या दिवशी चीक पाजला, मग डेअरीला घालायला लागलो. माणूस दुष्ट नव्हता, मामा. दोन गायींचे हप्ते चालू होते आणि गोऱ्ह्याच्या पोटात गेलेलं दूध त्याला परवडत नव्हतं. मी सलाइन लावली, बेंबी साफ केली, औषध दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, गेला म्हणून."

मामा काही बोलले नाहीत.

"ही एकाच गोठ्यातली गोष्ट नाही. काही उपाशी मरतात, काही रात्री टेम्पोतनं नेऊन घाटात सोडतात. निवड चालूच आहे, मामा. फक्त जन्मल्यावर चालते, आठ-दहा दिवस तडफडवून. ती जन्माच्या आधी झाली तर एवढं तरी टळेल."

"माझ्या बाच्या वेळंला गोऱ्हा झाला की गूळ वाटायचे," मामा म्हणाले. "कालवड झाली तर, बरं, देवानं दिलं. गोऱ्हा म्हंजी दोन वर्सांनी औताला बैल. त्याला बिनकामाचा कुणी केला? ट्रॅक्टरनं केला. इकायला जावं तर कायदा आडवा. आन् औषध कुणाला? गोऱ्ह्याला! रोग एकीकडं आन् सुई दुसरीकडं."

इथं मामा खरं बोलत होते आणि मी ते कबूल केलं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासून आहे. मार्च २०१५ पासून वळू आणि बैलही त्या बंदीत आले. त्या बंदीमागची श्रद्धा मी कमी लेखत नाही, माझ्या घरातही ती आहे. पण संकरित गोऱ्ह्याला औत नाही, शर्यत नाही, गिऱ्हाईक नाही, आणि त्याला आयुष्यभर सांभाळायचा खर्च कायद्यानं कुणाच्याच नावावर मांडलेला नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गाई आधीच्या गणनेपेक्षा १८ टक्क्यांनी वाढल्या आणि बैल-गोऱ्हे ३० टक्क्यांनी घटले. मोकाट जनावरं पन्नास लाखांच्या घरात मोजली गेली. तेव्हा ही नळी आपल्याकडे जेमतेम येत होती. एवढे नर कुठं गेले, हे त्या तक्त्यात लिहिलेलं नाही. गावागावातल्या पशुवैद्यकांना मात्र त्यातलं बरंच ठाऊक आहे.

"बरं, पर ती निवडत्यात कशी?" मामांचा आवाज आता जरा निवळला होता. "दिसतंय का त्यास्नी, नर कुठला आन् मादी कुठली?"

हे सांगायला मला नेहमीच आवडतं. "उफणताना भूस लांब जातं आणि दाणा पायाशी पडतो. तसंच काहीसं, पण इथं वाऱ्याचं काम नाही, फरकच फार बारीक आहे. गायीचं बीज एकाच जातीचं, एक्स. वळूचे शुक्राणू दोन जातींचे, निम्मे एक्स, निम्मे वाय. एक्स मिळाला तर कालवड, वाय मिळाला तर गोऱ्हा. गाईबैलांत एक्समध्ये डीएनए वायपेक्षा चारएक टक्के जास्त असतो. तर शुक्राणूंना असा रंग देतात की तो डीएनएलाच चिकटतो. मग लेझरचा उजेड पाडला की एक्स किंचित जास्त चमकतो. एकेक शुक्राणू एकेका थेंबात घालून खाली सोडतात. चमक बघून थेंबाला विजेचा भार देतात, एकाला धन, दुसऱ्याला ऋण. खाली दोन पट्ट्या असतात, त्या थेंबाला आपापल्या बाजूला ओढतात. एक धार एका नळीत, दुसरी दुसरीत. सेकंदाला हजारो थेंब."

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत लॉरेन्स जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे साधलं. १९८९ साली अशा निवडलेल्या शुक्राणूंपासून सशाची पिल्लं जन्मली. पुढची कैक वर्षं हे यंत्र आणि त्याचे हक्क परदेशी कंपन्यांच्या हातात राहिले, म्हणून आपल्याकडे नळी महाग. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या तंत्राचं उद्घाटन झालं. त्यामुळं एका नळीमागं दोनशे रुपयांच्या आसपास वाचतील, असं तेव्हा सांगितलं गेलं.

मामी आतून चहा घेऊन आल्या होत्या आणि दारातच थांबून ऐकत होत्या. "म्हंजी पोरगा का पोरगी, ते बापाकडनंच ठरतंय?"

"हो मामी. माणसातही तसंच."

मामींना तीन मुलींवर मुलगा झाला. मधल्या वर्षांत आजीनं त्यांना काय काय ऐकवलं ते मी लहानपणी याच ओट्यावर ऐकलंय. मामींनी चहाचे कप ठेवले. "आत्त्याबाई गेल्या आता," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मामा उठले, खिलार गायीपुढं पाण्याची बादली ठेवली, तिच्या पाठीवरनं हात फिरवत बराच वेळ तिथंच उभे राहिले.

परत येऊन बसले ते नवाच मुद्दा घेऊन. "रंग लावला, उजेड मारला, दाबून काडलं. त्या जिवात ऱ्हायलं काय?"

"तुम्ही बरोबर नेमक्या जागी बोट ठेवलंत. साध्या नळीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू असतात. या नळीत वीसेक लाख. आता काही नळ्यांत चाळीस लाख घालतात. आहेत तेही दमलेले. साध्या नळीनं शंभर गायी गाभण राहत असतील तर हिच्यानं पंचाहत्तर-ऐंशी राहतात, आणि तेही चांगल्या निगराणीच्या गोठ्यात."

"म्हंजी गाय उलटायची."

"उलटते. आणि उलटली की एकवीस दिवस गेले, दूध लांबलं, वर पैसे गेले ते निराळे. म्हणून मी ही नळी सरसकट वापरत नाही. अंग धरलेली, माज नीट दाखवणारी कालवड असली तरच. तिला पहिल्या वेतात कालवड झाली तर दुसराही फायदा असतो, कालवड गोऱ्ह्यापेक्षा अंगानं लहान, पहिलटकरीण कमी अडते. उलटणाऱ्या गायीला, भाकड राहिलेलीला, 'डॉक्टर, एकदा बघा तरी' म्हणून कुणी आग्रह केला तरी मी नाही म्हणते."

"समद्यांच्या दावणीला कालवडी झाल्या," मामांनी सुतळीचा नवा पदर जोडला, "समद्या तीन वर्सांनी दुधाला आल्या. मग दूध कुठं घालायचं? मागं पंचवीस-सव्वीसवर आलंतं. पेंडीचं पोतं तर उतरलं न्हाई. सरकारनं पाच रुपयं अनुदान दिलं तवा गडी तगलं."

ते २०२४ च्या जानेवारीतलं अनुदान. याला माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं. घरची चांगली कालवड तयार झाली तर बाजारात लाखभर मोजून, कर्ज काढून, कुठला रोग घेऊन आलीय ते न कळणारी गाय आणावी लागत नाही. पाच सुमार गायींऐवजी तीन चांगल्या ठेवता येतात, वैरण वाचते.

"पाचाच्या तीन केलेला शेतकरी दाव," मामा म्हणाले.

मला एकही आठवला नाही. सगळ्यांनी पाचाच्या आठ केल्या आहेत. लेझरच्या उजेडात एक्स आणि वाय वेगळे करता येतात, दुधाचा भाव आणि पेंडीचा भाव यांतलं अंतर तसं कुठल्या यंत्रानं सुधारत नाही. आमच्या खात्याच्या बैठकांत किती कालवडी जन्मल्या याचे आकडे वाचले जातात. त्यांच्या दुधाचं पुढं काय झालं, याचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. तो असला पाहिजे, असं मला फार वाटतं.

ऊन ओट्यावर चढलं तसे आम्ही गोठ्याच्या सावलीला सरकलो. खिलार गाय रवंथ करत होती. पांढरी, तांबूस झाक असलेली, शिंगं मागं जाऊन वर वळलेली, पाय हरणासारखे.

"हिला घालशील ही नळी?" मामांनी विचारलं.

"नाही."

इतक्या चटकन आलं की मामांनी वर बघितलं. मला कारण द्यावं लागलं. खिलार दुधासाठी कुणी ठेवत नाही. खिलारात घर चालवतो तो खोंड. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १८ मे २०२३ ला बैलगाडा शर्यतींना मान्यता कायम ठेवली, तेव्हापासून चांगल्या खोंडाला पुन्हा भाव आलाय.

"मंग गोऱ्ह्याची नळी निघती का त्या यंत्रातनं?"

"यंत्र दोन्ही बाजू वेगळ्या करतंच. वायची धार भरून ठेवली तर गोऱ्ह्याची नळी झाली. माझ्या डब्यात मात्र नाही."

मामांचा हात कासऱ्यावर थांबला. सकाळपासून ते निवडीच्या विरुद्ध बोलत होते आणि आता निवड त्यांच्या बाजूची होती. ते मोह आवरतायत हे मला चेहऱ्यावर दिसत होतं. मी मुद्दाम गप्प राहिले.

"न्हाई," शेवटी म्हणाले. "दर वेतात खोंडच काडत गेलो तर पुडं खोंड कुणाच्या पोटी यायचा? हिची आई माझ्या दावणीला होती, तिची आई माझ्या बाच्या दावणीला. कालवड राखली म्हणून ही हाय."

"आणि एचएफकडं हेच उलट्या बाजूनं घडतंय, मामा. त्याची मला खरी काळजी आहे. मोजकेच नामी वळू, त्यांच्याच नळ्या सगळीकडे. तालुक्यातल्या निम्म्या कालवडी एकाच बापाच्या निघाल्या आणि त्यांना पुन्हा त्याच घराण्यातलं सिमेन सोडलं, तर तिसऱ्या पिढीत काय काय वर येईल? म्हणून मी नळीवरचा वळूचा नंबर वहीत लिहून ठेवते. आईचा बाप आणि नळीचा बाप एक असला तर डब्यातली दुसरी नळी काढते."

वाशीमच्या त्याच कार्यक्रमात आणखी एक गोष्ट आली होती, तीही मी सांगितली. गायींसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप'. वासराचा रक्ताचा किंवा केसांचा नमुना घ्यायचा, त्याच्या जनुकांतल्या हजारो खुणा वाचायच्या आणि हे वासरू पुढं कसं निघेल याचा अंदाज जन्मतःच बांधायचा. वळू निवडायला पूर्वी त्याच्या लेकी दुधाला येईपर्यंत पाच-सहा वर्षं थांबावं लागे, ती वाचतात. मी हे हरखून सांगत होते, कारण मला त्याचं खरंच अप्रूप आहे.

"त्या चिपेला काय काय कळतं?"

"ज्याच्या नोंदी आहेत ते. आधी हजारो गायींचं दूध मोजायचं, फॅट मोजायची, मग त्यांच्या खुणांशी ताडून बघायचं. नोंद नसेल तर चिपेला त्यातलं काही सांगता येत नाही."

मामा उठून गायीजवळ गेले. "२०१९ च्या दुष्काळात हिला चारा छावणीत नेली. चार म्हयनं उसाच्या वाड्यावर काडलं. दुसरं काय न्हवतंच. शेजारच्या दोन जर्सी तिथंच गेल्या. ही परत आली, हाडं वर आलेली, आन् दोन म्हयन्यांत माजावर आली, पयल्याच भरवणीत गाभ ऱ्हायली. हे कुठं लिवलंय?"

कुठंच नाही. हिच्या कानात बिल्ला आहे, त्यावर बारा आकडी नंबर आहे. त्या नंबरापुढं लसीकरण आहे, रेतन आहे. चार महिने उसाच्या वाढ्यावर जगून गाभण राहणं, कडक उन्हात नांगराच्या तासाला न थांबणं, दगडाळ वाटेवर खूर न झिजणं, यांचा रकाना नाही. माणदेशात ज्या गुणावर गाय जगते किंवा मरते तो गुण मोजायला आम्ही अजून सुरुवातच केलेली नाही. यंत्र चांगलं आहे, चिप चांगली आहे, पण दूधच तेवढं मोजलं तर दुधाचीच जनावरं निवडली जातील. बाकीचं सगळं, कुणी ठरवून न घालवताही, दोन-तीन पिढ्यांत निघून जाईल. मामांना शास्त्र नको होतं असं मी सकाळपर्यंत समजत होते. त्यांची तक्रार आम्ही काय मोजतो याबद्दल होती.

दोन वाजले. मामेभाऊ आला. नायट्रोजनच्या डब्याचं झाकण काढलं तशी पांढरी वाफ काठावरनं उतरून जमिनीवर पसरली. आत उणे १९६ अंश. लांब चिमट्यानं नळी उचलली, काडेपेटीतल्या काडीहून जराशी जाड, आणि लगेच सदतीस अंशांच्या पाण्यात सोडली. घड्याळात तीस सेकंद. पुसून कोरडी केली, कारण पाण्याचा थेंबही आतल्या जिवांना मारतो. कात्रीनं टोक सरळ कापलं, गनमध्ये बसवून वर शीथ चढवली, आणि गन थंड पडू नये म्हणून ॲप्रनच्या आत छातीशी धरली. खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून डावा हात गुदमार्गातून आत घातला. गर्भाशयाची मान हाताला लागली, कोंबडीच्या मानेसारखी घट्ट, गाठीगाठींची. कालवड नवखी होती, कंबर वाकवत होती. मामा स्वतः पुढं आले. त्यांनी शेपूट बाजूला धरली आणि दुसऱ्या हातानं तिच्या माकडहाडाजवळ खाजवत राहिले. कालवड सैल पडली. गन मानेतून पार झाली, मी पाच मोजत हळूहळू दट्ट्या दाबला.

"ऱ्हाईल?" मामांनी विचारलं.

"एकवीस दिवस बघू."

मामेभावानं मोबाइलवर बिल्ल्याचा नंबर घातला, मी नळीवरचा वळूचा नंबर सांगितला. मामा परत ओट्यावर बसले, कासऱ्याच्या टोकाला गाठ मारली, ओढून बघितली.

"हिचा माज कदी?"

मी वही चाळली. "मागचा चौदा दिवसांपूर्वी. म्हणजे आठवडाभरात येईल."

"वरच्या वाडीत वळू हाय, त्येच्या मालकाला सांगून ठिवतो. लांब हाय, पर चालवत नेतो." कासरा त्यांनी खुंटीला अडकवला. मग माझ्या वहीकडं बोट केलं. "त्यात कोरं पान हाय का?"

"आहे."

"मंग लिव. येतं पाच. खोंड तीन, कालवडी दोन. एक खोंड सांगोल्याच्या बाजारात दिला, दोन गावातच हायती. २०१९ ला छावणी, चार म्हयनं, वाडं. आजार न्हाई, एकदा खुरात काटा. लिवलंस?"

"लिहिलं."

"आन् हे बी लिव. नातवंडानं शेपूट वडली तरी पाय उचलत न्हाई."